रिपोर्टमध्ये ‘लॅमिव्हुडिन रेझिस्टंट’ आलं तरी तीच गोळी का चालू ठेवतात? एचआयव्हीच्या म्युटेशनबद्दल सविस्तर

सूक्ष्मदर्शी_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी इथल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या पोरांना मायक्रोबायोलॉजी शिकवतो. डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, त्यामुळे कुणाची गोळी बदला किंवा बंद करा असं मी इथं सांगणार नाही आणि तुम्हीही कुणी सांगू नका.

धागा काढायचं कारण असं की ओळखीतल्या दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला. पेशंटचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वाढला म्हणून जेनोटाइप टेस्ट (विषाणूत कुठले बदल झालेत ते बघणारी) केली, रिपोर्टवर ‘एम१८४व्ही’ आणि त्याच्यापुढं लॅमिव्हुडिन या एचआयव्हीच्या औषधाला हाय लेव्हल रेझिस्टन्स (म्हणजे विषाणू त्याला दाद देत नाही) असं छापून आलं, आणि तरी नव्या चिठ्ठीत लॅमिव्हुडिन आहेच. एका घरात तर यावरून मोठा वाद झाला, डॉक्टरांनी रिपोर्ट वाचलाच नाही, उगंच जुनीच गोळी माथी मारली वगैरे. मला वाटतं डॉक्टरांनी बरोब्बर केलं, आणि ते का बरोबर हे कळायला विषाणूच्या एन्झाइमपर्यंत जावं लागतं म्हणून जरा लांबण लावतो.

एचआयव्हीचा जीनोम आरएनएचा, साधारण ९,७०० अक्षरांचा. आपल्या पेशीत शिरल्यावर त्याला त्या आरएनएचं डीएनए करून घ्यावं लागतं आणि ते काम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम करतं. असं एन्झाइम असतं हेच मुळात १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर या दोघांनी वेगवेगळं दाखवलं, १९७५ ला नोबेल मिळालं. आपल्या पेशीतली डीएनए बनवणारी एन्झाइमं चुकलेलं अक्षर मागं जाऊन काढतात, याला ती सोयच नाही. साधारण ३०,००० अक्षरांमागे एक चूक, म्हणजे दर तीनेक प्रतींमागे एका प्रतीत कुठंतरी बदल. औषध सुरू नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज एक हजार कोटींच्या घरात विषाणू तयार होतात. आता हिशोब करा. एका अक्षराचा कुठलाही बदल तुम्ही मनात आणा, तो त्या शरीरात पहिली गोळी घेण्याआधीच कुठंतरी होऊन गेलेला असतो. औषध म्युटेशन, म्हणजे असा बदल, घडवत नाही, आधीच असलेल्यांतनं निवड करतं. लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

म्हणून एकट्या औषधाचा टिकाव लागत नाही. एझेडटी हे एचआयव्हीचं औषध मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि १९८९ ला त्याला दाद न देणारे विषाणू पेशंटमध्ये सापडले पण. १९९६ च्या आसपास तीन औषधं एकत्र द्यायला लागल्यावर चित्र पालटलं, कारण तिन्हींना एकाच वेळी चुकवणारे बदल एकाच प्रतीत आपोआप जमून येणं फार म्हणजे फार अवघड.

आता एम१८४व्ही. एन्झाइमच्या अमिनो आम्लांच्या साखळीत १८४ नंबरच्या जागी मेथिओनिन असतं, त्याच्या जागी व्हॅलिन आलं एवढाच अर्थ. पण जागा कुठली बघा, १८३ ते १८६ हा तुकडा म्हणजे एन्झाइमचा गाभा, १८५ आणि १८६ वरचे दोन अस्पार्टेट प्रत्यक्ष जोडणीचं काम करतात. लॅमिव्हुडिन हे डीएनएच्या अक्षरासारखं दिसणारं रेणू आहे, पुढचं अक्षर जोडायला लागणारा हायड्रॉक्सिल गट त्याला नाही, त्यामुळं ते एकदा बसलं की साखळी तिथंच खुंटते. शिवाय त्याची साखरेची कडी नैसर्गिक अक्षरापेक्षा उलट्या हाताची आहे आणि तिच्यात गंधक आहे. मेथिओनिन लवचिक, जरा सरकून जागा देतं. व्हॅलिनला बुडाशीच फांदी फुटलेली, ती नेमकी त्या उलट्या कडीला आडवी येते. नैसर्गिक अक्षर आत जातं, लॅमिव्हुडिन जात नाही. प्रतिकार शंभरपटीहून जास्त.

पण विषाणूला हे फुकट पडत नाही. गाभ्यात बदल केल्यावर एन्झाइमचं रोजचं कामही ढिलं पडतं. पेशीत डीएनएच्या अक्षरांचा साठा कमी असेल तिथं तर फारच, लांब साखळी एका दमात पुरी होत नाही, मधेच सुटते. त्यामुळे एम१८४व्ही असलेला विषाणू मूळ विषाणूच्या मानानं हळू वाढतो. वर आणखी एक गंमतीची गोष्ट, हा बदल असला की एझेडटी आणि टेनोफोव्हिर ही दुसरी औषधं त्या विषाणूवर जास्त चांगली लागू पडतात. म्हणजे लॅमिव्हुडिन चालू ठेवलं की विषाणूला हा लंगडेपणा सोडता येत नाही, सोडला की लॅमिव्हुडिन त्याला मारणार. गोळी थेट मारत नसली तरी त्याला अडकवून ठेवते. चिठ्ठीत ती का राहिली याचं उत्तर एवढंच.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

सर एकदम मुद्द्याचं लिहिलाव. आमच्या धंद्यातलं बोलायचं तर माग सुसाट चाललाय, तार तुटली तरी थांबत नाही आणि कापड तपासणारा कुणी ठेवलेलाच नाही, मग पिसात पीस एकसारखं निघणारच नाही. बरोबर समजलो का? आणि एक विचारतो, बदल एवढा महाग असेल तर विषाणू तो ठेवतोच कशाला?

सूक्ष्मदर्शी_सोलापूर

बरोबर समजलात. आणि प्रश्न तर फारच चांगला.

विषाणू काही ठरवत नाही. शरीरात औषध असताना मूळ विषाणूची वाढ जवळजवळ शून्य, बदललेल्याची समजा निम्मी. शून्यापेक्षा निम्मी जास्त म्हणून तोच उरतो. औषध थांबवा, मूळ विषाणू लपलेल्या पेशींतनं परत बाहेर येतो आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत हळू चालणाऱ्याला मागं टाकतो. मग टेस्ट केली तर रिपोर्ट स्वच्छ! पण तो बदललेला विषाणू मेलेला नसतो, सुप्त पेशींच्या डीएनएत जाऊन बसलेला असतो, तेच औषध परत सुरू केलं की हजर. साध्या जेनोटाइप टेस्टला साधारण १५-२० टक्क्यांपेक्षा कमी असलेला प्रकार दिसतच नाही. त्यामुळे जेनोटाइपचं सॅम्पल गोळ्या चालू असतानाच द्यायचं असतं. गोळ्या बंद करून महिनाभरानं दिलेल्या सॅम्पलच्या स्वच्छ रिपोर्टवर हुरळून जाऊ नये.

अजून एक बारकावा सांगतो, मला स्वतःला हा फार आवडतो. लॅमिव्हुडिनवर बिघडायला लागलं की पहिल्यांदा बऱ्याचदा एम१८४व्ही दिसतच नाही, एम१८४आय दिसतं, म्हणजे व्हॅलिनऐवजी आयसोल्युसिन. कारण ‘जी’चा ‘ए’ होणं ही या विषाणूत सगळ्यात जास्त होणारी चूक, एटीजीचं एटीए होऊन जातं. पण आयसोल्युसिनवाला व्हॅलिनवाल्यापेक्षाही अशक्त, मग थोड्याच दिवसांत व्हॅलिनवाला त्याला मागं टाकतो. आधी सोपा बदल येतो आणि मग त्यातल्या त्यात परवडणारा बदल टिकतो, आणि हे सगळं एका माणसाच्या रक्तात काही आठवड्यांत होतं.

बाळेकर

सर, नमस्कार. घरातल्याच एकाचा विषय आहे म्हणून नाव घेत नाही. रिपोर्टवर तीन नावं आहेत, एम१८४व्ही, के६५आर, के१०३एन. आधी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, इफॅव्हिरेन्झची एकत्र गोळी चालू होती. तीनपैकी तीन फेल असं आम्ही समजलो आणि सगळे खचून गेलेत, वहिनी तर दोन दिवस जेवली नाही. आता तुमचं वाचून जरा वेगळं वाटलालं. के६५आर आणि के१०३एनचं पण असंच असतं का?

(रिपोर्टचा फोटो टाकू का?)

नियामक

बाळेकर, फोटो टाकू नका. रिपोर्टवर नाव, वय, एआरटी (एचआयव्हीच्या उपचाराचा) नंबर असतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवायचा पेशंटला हक्क दिलाय, तो आपण इथं मोडायला नको. म्युटेशनची नावं लिहिलीत तेवढं पुरे.

सूक्ष्मदर्शी_सोलापूर

बाळेकर, आधी वहिनींना जेवायला घाला. रिपोर्ट वाईट नक्की आहे पण वाटलं तेवढा नाही.

के६५आर म्हणजे ६५ नंबरला लायसिनच्या जागी आर्जिनिन. ही जागा येणाऱ्या अक्षराच्या फॉस्फेटला धरते. बदल झाला की एन्झाइम टेनोफोव्हिर पूर्वीसारखं पटकन उचलत नाही, पण नैसर्गिक अक्षरंही तितक्या वेगानं उचलत नाही, म्हणजे इथंही किंमत मोजावी लागते. एम१८४व्ही आणि के६५आर दोन्ही एकत्र असले तर वाढ आणखी मंदावते. के६५आरमुळं एझेडटी उलट जास्त लागू पडतं. आपल्याकडच्यांना लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे भारतात बहुतेक सगळा विषाणू सबटाइप सी (एचआयव्हीचा एक उपप्रकार), आणि सी च्या आरएनएत त्या जागेजवळ अक्षरांची मांडणी अशी आहे की एन्झाइम तिथं अडखळतं, त्यामुळं के६५आर सी मध्ये इतर सबटाइपपेक्षा लवकर येतं.

के१०३एन मात्र वेगळ्या जातीचं आहे. इफॅव्हिरेन्झ, नेव्हिरापिन ही औषधं गाभ्यात बसतच नाहीत, गाभ्याच्या शेजारी एक खोबण आहे तिथं जाऊन एन्झाइम जखडतात. १०३ वर बदल झाला की त्या खोबणीचं तोंड मिटलेलंच राहतं. गाभ्याला हात न लागल्यामुळं विषाणूच्या वाढीत जवळपास काही फरक पडत नाही. एका अक्षराचा बदल, किंमत नाही, म्हणून हा चटकन येतो आणि औषध बंद केल्यावरही वर्षानुवर्षं रेंगाळतो. इथं ‘औषध चालू ठेवून विषाणूला अडकवून ठेवू’ हा हिशोब चालत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये के१०३एन आलं की इफॅव्हिरेन्झ काढतात, आणि एम१८४व्ही आलं तरी लॅमिव्हुडिन ठेवतात. रिपोर्टवर दोन्हीपुढं तोच ‘हाय लेव्हल’ शिक्का, पण अर्थ पूर्ण वेगळा.

आणि तुम्हाला धीर यावा म्हणून सांगतो. २०२१ ला छापलेल्या नाडिया नावाच्या चाचणीत युगांडा, केनिया, झिम्बाब्वेमधले असेच पेशंट होते, पहिल्या फळीची गोळी फेल गेलेले. बहुतेकांच्या विषाणूत एम१८४व्ही, जवळपास निम्म्यांत के६५आर. डोल्युटेग्रॅव्हिर किंवा डारुनाव्हिर या वेगळ्या जातीच्या औषधाच्या जोडीला टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडिन किंवा एझेडटी-लॅमिव्हुडिन दिलं, आणि ४८ आठवड्यांनी ९० टक्क्यांच्या आसपास लोकांचा लोड दबलेला होता. थोड्या लोकांत डोल्युटेग्रॅव्हिरला प्रतिकार दिसला हेही खरं, म्हणून नवी गोळी सुरू झाल्यावर व्हायरल लोडची तारीख चुकवायची नाही.

जुळेसोलापूर_पार्थ

भारी धागा. मी एमएस्सीला आहे, एक शंका. एम१८४व्ही असलेला विषाणू अशक्तच असतो तर बाकीच्या गोळ्या बंद करून नुसतं लॅमिव्हुडिन दिलं तर? साइड इफेक्ट पण कमी होतील की.

सूक्ष्मदर्शी_सोलापूर

पार्थ, हे करून बघितलंय लोकांनी. इटलीत २००६ ला प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, एम१८४व्ही असलेल्या आणि उपचार फेल गेलेल्या पेशंटमध्ये निम्म्यांना सगळं बंद, निम्म्यांना नुसतं लॅमिव्हुडिन. लॅमिव्हुडिनवाल्यांची घसरण हळू झाली, पण घसरण झालीच. अशक्त विषाणू म्हणजे निरुपद्रवी विषाणू नव्हे. सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या) तो मारतोच, दुसऱ्याला लागतोच, आणि वाढतोय तोवर पुढचे बदल गोळा करतच राहतो.

आणि त्यातला पुढचा धोका असा की काही बदलांची किंमत विषाणू दुसरा बदल करून भरून काढतो. इंटिग्रेज हे विषाणूचं दुसरं एन्झाइम घे. १४८ नंबरला हिस्टिडिन आलं की त्याच्यावरचं राल्टेग्रॅव्हिर हे औषध चालत नाही पण विषाणूची वाढही बरीच पडते. मग १४० ला सेरिन येतं आणि वाढ बऱ्यापैकी पूर्ववत. प्रोटिएजमध्ये, म्हणजे विषाणूची प्रोटीनं कापणाऱ्या कात्रीत, तर याहून पुढं, औषधाला चुकवताना कात्री बिघडली तर जे प्रोटीन कापायचं त्याच्या कापायच्या जागाच बदलतात! एम१८४व्हीची भरपाई विषाणूला सहसा इतकी नीट जमत नाही, म्हणून लॅमिव्हुडिनचा उपयोग होतो. डोल्युटेग्रॅव्हिरवर कधीकधी येणारा आर२६३के हाही असाच, प्रतिकार थोडासाच देतो आणि विषाणूला महाग पडतो. मॉन्ट्रियलचे मार्क वेनबर्ग यांनी या दोन्ही बदलांवर आयुष्य घातलं, वेळ मिळाला तर त्यांचे पेपर वाच, २०१७ ला गेले ते.

पूर्वभाग_अक्का

एवढं शास्त्र मला नाही कळत पण मी २००६ पासून गोळ्या खाते म्हणून लिहिते. सरकारी गोळ्या २००४ च्या एप्रिलपासनं फुकट सुरू झाल्या, त्याच्या आधी आमच्या गल्लीतली माणसं बघता बघता गेलेली मी बघितलीत. माझी सुरवात स्टॅव्हुडिनवाल्या गोळीवर. तळपायाची आग आग व्हायची, रात्री ओली फरशी शोधून पाय टेकवून बसायचे. गाल बसले. बायका तोंडावर विचारायच्या काय अक्का बारीक झालाव. विड्या वळताना बोटं बधिर पडायची तर पानं नीट कापली जायची नाहीत आणि छाट निघाली की पैसे कापायचे. आता एकच गोळी रात्री, काही त्रास नाही. नवीन पोरांना सांगते, आत्ताची गोळी टिकवा रे.

बाळेकर, तुमच्या वहिनीला मला मेसेज करायला सांगा.

मेडिकल_नवीपेठ

फार्मसीवाला आहे, माझ्याकडनं दोन गोष्टी. म्युटेशन यायला गोळी चुकवावीच लागते असं नाही, रक्तात औषध कमी पडलं तरी तेच होतं. डोल्युटेग्रॅव्हिर ज्यांना चालू आहे त्यांनी ॲसिडिटीची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली पातळ औषधं, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत, धातू त्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतो. गोळी दोन तास आधी घ्यायची नाहीतर त्या औषधानंतर सहा तासांनी. कॅल्शियम किंवा लोह असेल तर जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतं. आमच्याकडं लोक जेवण जड झालं की विचारल्याशिवाय बाटली तोंडाला लावतात म्हणून सांगतो. आणि टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरचा दुसरा डोस बारा तासांनी लागतो, टीबीच्या डॉक्टरला एचआयव्हीचं लपवलं तर तो देणार कसा? लपवू नका.

ऊसपट्टा_माढा

आमच्याकडं प्रश्न वेगळाच. तोडणीला बिऱ्हाड हललं की चार-पाच महिने फडावर. गोळ्या संपल्या की माणूस म्हणतो परत गेल्यावर बघू. मधल्या वेळात सगळ्याच गोळ्या बंद असल्या तर म्युटेशन कसं येईल, औषधच नाही तर निवड कसली? असं एकानं मला विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

सूक्ष्मदर्शी_सोलापूर

त्याचा तर्क चांगला आहे पण सगळी औषधं एकदम अंगातनं जात नाहीत. इफॅव्हिरेन्झ रक्तात आठवडाभर आणि त्याहून जास्तही रेंगाळतं, लॅमिव्हुडिन दोन-तीन दिवसांत संपतं. म्हणजे माणसानं तिन्ही बंद केल्या तरी काही दिवस विषाणूसमोर जवळजवळ एकटं इफॅव्हिरेन्झ उभं असतं, आणि त्याला चुकवायला के१०३एन हा एका अक्षराचा फुकटातला बदल तयारच असतो. नेव्हिरापिनचं तसंच. बाळंतपणात आईला नेव्हिरापिनचा एकच डोस द्यायचे त्या काळात नेमकं हेच बऱ्याच आयांमध्ये दिसलं. डोल्युटेग्रॅव्हिरवाली गोळी यापेक्षा खूप दणकट आहे, पण सारखं बंद-चालू केलेलं तिलाही सोसणार नाही.

आणि गोळी नसताना मूळ विषाणू जोरात वाढतो, सीडी४ घसरतात, क्षयरोग गाठतो. म्युटेशन आलं नाही तरी माणूस आजारी पडतोच.

पूर्वभाग_अक्का

माढ्याच्या दादा, निघायच्या आधी एआरटी सेंटरला सांगायचं, गावाला जातोय म्हणून. जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतात, नाहीतर जिथं जाणार तिथल्या सेंटरचा पत्ता आणि कागद करून देतात. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही. काहीच कळत नसलं तर १०९७ ला फोन लावायचा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जुळेसोलापूर_पार्थ

सर, एम१८४व्हीमुळे एन्झाइमच्या चुका कमी होतात असंही वाचलं. मग पुढची म्युटेशन्स पण कमी यायला पाहिजेत ना?

सूक्ष्मदर्शी_सोलापूर

टेस्टट्यूबमध्ये ते एन्झाइम जास्त अचूक दिसतं हे खरं. पण पेशंटच्या शरीरात विषाणूंची संख्या एवढी प्रचंड आहे की त्या थोड्याशा अचूकपणाचा आधार घेऊन उपचार ठरवावेत असं मला अजिबात वाटत नाही. लॅमिव्हुडिन ठेवायची कारणं म्हणजे वाढ मंदावणं आणि बाकीची औषधं जास्त लागू पडणं.

बाळेकर

सर, अक्का, सगळ्यांचे आभार. घरात वाचून दाखवलं. नवीन चिठ्ठीत डोल्युटेग्रॅव्हिर, एझेडटी आणि लॅमिव्हुडिन आहे, आता त्यातलं प्रत्येक का आहे ते कळालं. एक शेवटचं, पुढच्या व्हायरल लोडला रक्त द्यायच्या दिवशी गोळी घ्यायची का उपाशी जायचं? इथं शेजारी म्हणाला गोळी न घेता जा म्हणजे खरा आकडा येईल.

सूक्ष्मदर्शी_सोलापूर

गोळी नेहमीच्या वेळेलाच घ्यायची. टेस्ट हेच बघते की गोळी चालू असताना विषाणू किती दबलाय. व्हायरल लोडला उपाशीपोटी जायची गरज नाही, पण त्याच दिवशी साखर वगैरे तपासणार असतील तर सेंटरला विचारून घ्या. आणि एझेडटीनं हिमोग्लोबिन उतरू शकतं, म्हणून सुरवातीला रक्त परत परत तपासतात, ती तपासणी टाळू नका. दम लागला, फिकट वाटलं तर तारखेची वाट न बघता सेंटरला जा.

बाळेकर

बरं सर. वहिनी अक्कांशी बोलली. सोमवारी मी सोबत जातो सिव्हिलला.

मेडिकल_नवीपेठ

सोमवारी गर्दी असते, सकाळी लवकर निघा. आणि जुन्या गोळ्यांची बाटली उरली असेल तर सोबत न्या, घरात दोन्ही बाटल्या राहिल्या की चुकून जुनीच खाल्ली जाते.